फौंड्री, एकास सत्त्याऐंशी

पुणे–मिरज लोहमार्ग मीटरगेज होता त्या काळातला त्याचा एक तुकडा मी साताऱ्यात घरी उभारते आहे. प्रमाण एकास सत्त्याऐंशी, म्हणजे खऱ्या जगातले सत्त्याऐंशी मिलिमीटर माझ्या टेबलावर एक मिलिमीटर होतात. रूळ बसले, फलाट झाला. आता रुळांच्या कडेला लोखंडी नांगर ओतणारा एक कारखाना हवा, कारण त्याच्याशिवाय हा तुकडा आपल्या मुलखातला वाटतच नाही. किर्लोस्करवाडी घ्या, सातारा रोडचा कूपर कारखाना घ्या, नाहीतर कराड स्टेशनाला लागून असलेला ओगलेवाडीचा काच कारखाना घ्या. सातारा-सांगलीकडचा जुना उद्योग स्टेशन धरूनच वाढला.

पुठ्ठ्याचा कच्चा नमुना तयार झाल्यावर मी सांगलीहून मामांना बोलावून घेतलं. मामांची हयात फौंड्रीत पॅटर्नमेकर म्हणून गेली. जी वस्तू ओतायची तिची आधी लाकडात प्रतिकृती करायची, तिच्याभोवती वाळू ठासून साचा घ्यायचा, मग त्या साच्यात वितळलेलं बीड पडायचं. म्हणजे प्रतिकृती या विषयात ते माझ्या कितीतरी आधीचे. आमचं आल्या आल्याच फाटलं. त्या दोन दिवसांतलं बोलणं इथे देते आहे, कारण कारखान्याचं मॉडेल म्हणजे नेमकं कशाचं मॉडेल, हे मला त्या भांडणातून कळलं.

“इमारत देखणी झालीय,” मामा म्हणाले. “पण कारखाना कुठाय?”

“हाच की. साठ फूट लांब, तीस फूट रुंद शेड. इथे दोनशे दहा मिलिमीटर बाय एकशे पाच. भिंत चौदा इंची धरलीय, म्हणून चार मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा. पुष्कळजण एक मिलिमीटरचा लावतात. मग भिंत साडेतीन इंचांची होते आणि खिडक्या वरून चिकटवल्यासारख्या दिसतात.”

“माप बरोबर असेल. लोखंड कुठनं आत जातंय? वितळतंय कुठं?”

“क्युपोला आत आहे, मामा. बघणाऱ्याला बाहेरची बाजू दिसते. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे ना, १९९८ पासूनचं? तिथे बघा, पोरांची नजर गाडीवरून हलत नाही. इमारतीनं आपल्या जागी नीट उभं राहायचं, एवढंच तिचं काम.”

“क्युपोला आत असला तरी तो लपत नाही. ऐक. क्युपोला म्हणजे उभं नळकांडं. बाहेरनं लोखंडी पत्रा, आतनं भट्टीच्या विटांचं अस्तर. खालनं ब्लोअरची हवा, वरनं माल. एक थर कोकचा, त्यावर पिग आयर्न नि भंगार, जोडीला चुनखडी, म्हणजे मळ वेगळा निघतो. आता हे सगळं वरनं टाकायचं म्हणजे माणूस नि माल दोन्ही वर चढायला पाहिजेत. म्हणून चार्जिंगचा माळा आला. माळा आला की जिना आला, माल वर घ्यायला कप्पी आली. नळकांड्याचं तोंड छपराच्या वर आलं. तोंडावर ठिणग्या अडवायची टोपी आली. तरी ठिणगी उडायची ती उडतेच, म्हणून आमचं लाकडाचं पॅटर्न शॉप लांब, वेगळ्या छपराखाली. आता सांग, ह्यातलं आत काय राहिलं?”

खरंच काही राहिलं नव्हतं. तरी मी माझा मुद्दा सोडला नाही. मॉडेल करणाऱ्याला वेळ आणि जागा मोजूनच मिळते. न दिसणाऱ्या कामाच्या मागे लागलं की दिसणारं काम अर्धवट राहतं, आणि असे अर्धवट राहिलेले कारखाने मी बरेच पाहिलेत. मामांचं म्हणणं उलट होतं. कामाची वाट ठरली की इमारत आपोआप ठरते, आणि वाट न ठरवता केलेली इमारत कितीही सुबक असली तरी तिच्यात धर्मशाळाही भरू शकते.

“बरं, वाट सांगा,” मी म्हटलं.

त्यांनी पेन्सिल घेतली आणि माझ्या प्लायवूडवर, मला न विचारता, रेघा मारायला सुरुवात केली. रुळाच्या बाजूला कोकचा ढीग, पिग आयर्नच्या लगडी, चुनखडी, भंगार. त्यांच्यामागे क्युपोला. पुढे मोल्डिंगची लांब शेड, तिची जमीन वाळूचीच. तिथून फेटलिंग, म्हणजे ओतलेल्या मालाचे कंगोरे छिलून साफ करायची जागा. मग मशीन शॉप, मग जोडणी नि रंग, आणि शेवटी माल पुन्हा रुळाकडे.

“पुन्हा रुळाकडे,” ते म्हणाले. “उघड्या वाघिणीतनं कोक येणार, बंद वाघिणीतनं नांगर जाणार. साइडिंग एकच असेल तर आधी कुठली आत घेणार? कोकची वाघीण रिकामी व्हायला दिवस जाणार. तोवर नांगराची वाघीण कुठं उभी करणार?”

इथे मात्र मी गप्प झाले, कारण ज्या प्रश्नासाठी जगभरचे लोक ही लघुरेल्वे खेळतात तोच प्रश्न मामांनी विचारला होता. गाडी नुसती गोल गोल फिरवण्यातली मजा लवकर विरते. वाघिणी कोणत्या क्रमाने आत घ्यायच्या, कोणती आधी बाहेर काढायची, इंजिन कोणत्या टोकाला अडकतं, हे सोडवण्यात संध्याकाळी जातात. आणि ते कोडं कारखान्याच्या पोटातून येतं. मी तीन वाघिणींचं एक साइडिंग आखलं होतं. त्याचं आता दोन हातांचं झालं, एक ढिगांकडे, एक माल चढवायच्या ओट्याकडे.

छपराच्या बाबतीत आमचं एकमत होतं, म्हणून तिथे फार वेळ गेला नाही. तयार किटं जर्मनीची किंवा अमेरिकेची मिळतात. जर्मनीची फालेर कंपनी १९४६ पासून या धंद्यात आहे आणि त्यांचं काम अप्रतिम असतं, पण तिकडच्या घरांना बर्फ झटकणारी चढी छपरं असतात, आणि ती कोरेगावच्या माळावर उपऱ्यासारखी दिसतात. आपल्याला मंगलोरी कौल हवं किंवा पन्हळी पत्रा. पॅटर्न शॉपला मात्र मामांना करवतीच्या दात्यांसारखं छप्पर हवं होतं, उत्तरेकडे काच असलेलं, म्हणजे बाकावर सारखा, सावली न टाकणारा उजेड येतो. मी त्यात भर घातली. सातारा साधारण साडेसतरा अंशांवर आहे, त्यामुळे मे ते जुलै या काळात भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. युरोपात कधीच न येणारं ऊन इथे उत्तरेच्या काचेतून आत येतं. तेव्हा काचेवर पुढे आलेली पत्र्याची पडवी हवी. मामांनी मान डोलावली. मे महिन्यातलं ते ऊन त्यांच्या बाकावर येत असे.

भांडण पुन्हा पेटलं ते जागेवरून.

“तुम्ही आखलेला कारखाना तीनशे फुटांचा झाला,” मी म्हटलं. “माझ्या प्रमाणात तो मीटरभर होतो. मला साठ सेंटिमीटर आहेत.”

“मग कमी कर की.”

“म्हणजे प्रमाण सोडू? मग उरलं काय? मॉडेल आणि खेळणं यांच्यात फरक तेवढाच तर आहे.”

“प्रमाण सोड म्हणतंय कोण?” मामा चिडले नव्हते, पण आवाज चढला होता. “बीड थंड होताना आकसतं. फुटाला एक सूत. म्हणून आमची मोजपट्टीच वेगळी असायची, तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा सूतभर मोठा. वाळू न मोडता पॅटर्न साच्यातनं उचलला जावा म्हणून उभ्या बाजूंना जरासा टेपर द्यायचा. जिथं मशीनवर छिलायचंय तिथं आणखी जास्त माल ठेवायचा. माझा एकही पॅटर्न त्या वस्तूच्या मापाचा नव्हता. म्हणून काय तो चुकीचा होता?”

“तुमचा फरक मोजलेला असायचा, मामा. फुटाला सूत, हा नियम झाला. तीनशे फुटांचे पावणेदोनशे करायचे याला नियम कुठला?”

ते जरा थांबले. नंतर त्यांनी जे सांगितलं ते मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

“जिथं माणसाचा हात लागतो तिथं सूतही हलवायचं नाही. दाराची उंची, पायरी, खिडकीचा कट्टा, घमेलं, ओट्याची उंची, वाघिणीचं दार. ह्यांना हात लावायचा नाही. खण मोजायचे आणि खण कमी करायचे. दहा खणांची शेड पाच खणांची केलीस तर खण तोच राहतो. दहा खण तेवढ्याच जागेत दाबून बसवलेस, तर दार बारकं होतं, माणूस वाकून आत जातो, आणि बघणाऱ्याला काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण बिघडलंय एवढं कळतं.”

मी अजून पुरती राजी नव्हते. तेव्हा मामांनी माझ्याच रुळांकडे बोट केलं. मीटरगेजचे हजार मिलिमीटर सत्त्याऐंशीने भागले की साडेअकरा येतात. मी वापरते तो रूळ बारा मिलिमीटरचा, स्वित्झर्लंडच्या डोंगरी मीटरगेज गाड्यांसाठी विकला जाणारा. मिरजेला येणारी बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटरची, म्हणजे पावणेनऊ. तिच्यासाठी मी नऊ मिलिमीटरचा रूळ आणून ठेवलाय. “रुळात अर्धा मिलिमीटर चालतो,” मामा म्हणाले, “मग भिंतीत खण का चालत नाही?”

याला माझ्याकडे एकच उत्तर होतं. अर्धा मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही, पाच खण दिसतात. पण ते उत्तर मला स्वतःलाच अपुरं वाटलं. शेड पाच खणांची झाली. दार बेचाळीस मिलिमीटरच राहिलं, खरं बारा फुटी. त्याच्याशेजारी उभा केलेला साडेपाच फुटी मोल्डर एकोणीस मिलिमीटर भरतो. (साडेपाच फूट म्हणजे आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर. पुढे हाच मार्ग ब्रॉडगेज झाला. त्या नव्या रुळांवर हा मोल्डर आडवा ठेवला तर या रुळापासून त्या रुळापर्यंत बरोबर पोचेल.)

पत्र्याचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं. पन्हळी पत्र्याच्या दोन पन्हळींमधलं अंतर साधारण तीन इंच, आपल्याकडे ते एक मिलिमीटरच्याही आत येतं. हॉटेलातून जेवण येतं त्या ॲल्युमिनियमच्या डब्यांचा पत्रा मी जमवून ठेवला होता. पाच मिलिमीटरच्या स्क्रूचे आटे एकमेकांपासून ०.८ मिलिमीटरवर असतात. तसला लांब आट्यांचा गज घ्यायचा, पत्रा रबराच्या तुकड्यावर ठेवायचा आणि त्यावरून गज दाबून लाटायचा. पन्हळी उमटतात, पण किंचित तिरक्या, कारण आटे स्वतःच तिरके असतात. मामांनी गज तेवढाच उलटा कलता धरला आणि रेघा सरळ आल्या. मग आठ फुटी पत्र्याचे अठ्ठावीस मिलिमीटर लांबीचे तुकडे कापायचे, खालच्या ओळीपासून सुरुवात करून वरचा तुकडा खालच्यावर चढवत लावायचा. मी अखंड पत्रा एकदम घालणार होते. “पत्रा जोडाजोडानंच येतो,” ते म्हणाले, “आणि गंजतो तो जोडापासनं.” या एका वाक्यावर मी सगळ्या छपराचा रंग बेतला.

आता नावाचं. इथे आम्ही खरे दुरावलो.

“पाटीवर काय लिहिणार?”

“‘नांगर कारखाना’. बास.”

“का? किर्लोस्करवाडी लिहायला काय झालं? १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर आले तेव्हा तिथं निवडुंगाचा माळ नि नाग. बेळगावातनं बस्तान हललेलं. औंधच्या राजांनी बत्तीस एकर जमीन दिली, दहा हजारांचं कर्ज दिलं. शेतकरी म्हणायचे, लोखंडी नांगरानं जमिनीला विष होतं, आणि हा माणूस तरीही नांगर ओतत राहिला. आधी त्या स्टेशनचं नाव कुंडल रोड होतं. रेल्वेनं स्वतःच्या पाटीवर कारखान्याचं नाव घेतलं, आणि रेल्वेचं मॉडेल करणारी तू घेत नाहीस?”

मला हे लागलं, आणि त्यांच्या बोलण्यातलं प्रेमही दिसत होतं. इकडच्या कितीतरी घरांतला पहिला पगार त्या आणि तसल्या कारखान्यांतून आला. तरी माझं उत्तर मला आजही बरोबर वाटतं.

“नाव घेतलं की प्रत्येक खिडकीचा हिशेब द्यावा लागतो, मामा. दर्शनी बाजूच्या फोटोंवरून दर्शनी बाजू होते. क्युपोलाची जागा, मागची भिंत, साइडिंगचं वळण हे सगळं तुमच्या पेन्सिलीनं आखलंय. ते फौंड्री म्हणून खरं आहे. पण वर किर्लोस्करवाडीची पाटी लावली की पाहायला आलेलं पोर तेच त्या जागेचं चित्र म्हणून घरी घेऊन जाईल. लक्ष्मणराव मुंबईत व्हीजेटीआयला ड्रॉइंग शिकवायचे. ड्रॉइंग नसलेल्या इमारतीवर आपलं नाव त्यांनी लावू दिलं असतं का?”

“ड्रॉइंग पुरं होईपर्यंत थांबले असते तर पहिला नांगर ओतला नसता.”

“नांगर शेतात तपासला जातो. चुकला तर मोडतो. मॉडेल चुकलं तर मोडत नाही, टिकतं.”

मामा उठून खिडकीपाशी गेले. परत आले ते तोफ घेऊन, म्हणजे तोफेची गोष्ट घेऊन. पहिल्या महायुद्धात बाहेरून लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा किर्लोस्करांना नांगरासाठी दिल्या, ही हकिगत आमच्याकडे घरोघर सांगतात. मामांना एका उघड्या वाघिणीत ती तोफ हवी होती. आठ फुटी तोफ म्हणजे अठ्ठावीस मिलिमीटर. करायला सोपी, बघायला भारी.

“तोफ ठेवली की नाव आलंच,” मी म्हटलं. “ती गोष्ट एका जागेची आहे. निनावी कारखान्यात तोफ आली तर ती नुसती शोभा होते. शिवाय मी साल १९२८ धरलंय. बार्शी लाइट १९२७ला मिरजेपर्यंत आली, आणि मला ती माझ्या मांडणीत हवी आहे. तेव्हा युद्ध संपून दहा वर्षं झालेली.”

“मग साल १९१७ कर.”

“आणि बार्शी लाइट सोडू?”

त्यावर आम्ही दोघंही हटलो नाही. मग मामा, बहुतेक स्वतःशीच, त्या तोफेचं काम कसं झालं असेल ते बोलू लागले, आणि तिथे वाट सापडली. पंचधातूची तोफ नांगराला उपयोगाची नाही, लोखंडीच हवी. लोखंडी तोफ अख्खी क्युपोलात जात नाही. तिचे तुकडे करायचे. त्यासाठी आवारात तीन उंच वाशांचं तिकाटणं उभं करतात, वर कप्पी बांधतात, जड लोखंडी गोळा वर ओढतात आणि भंगारावर सोडतात. बीड ठिसूळ असतं, फुटतं. तोफ असो, जुन्या यंत्राचं चाक असो की ओतताना वाया गेलेला नांगर असो, मोठं भंगार फोडायची जुनी रीत ती.

“हे १९२८लाही असेल?” मी विचारलं.

“भंगार असेल तिथं असेल.”

म्हणून कारखान्याच्या आवारात, कोकच्या ढिगाच्या पलीकडे, आता तिकाटणं येणार आहे. खाली फुटलेल्या बिडाचे तुकडे, बाजूला एक मोठं, अजून न फोडलेलं चाक, आणि दोर सोडायला उभी असलेली चार माणसं, गोळ्यापासून लांब. तोफ नाही, नावही नाही. मामांना हे पुरतं पटलेलं नाही. त्यांनी मला बजावलंय की किर्लोस्करवाडीचे जुने नकाशे मिळवायच्या खटपटीला मी लागलंच पाहिजे, आणि ते मिळाले की दुसरं टेबल मांडायचं, साल १९१७चं, पाटीसकट. मी हो म्हटलंय. तेवढा शब्द मी पाळणार आहे.

काजळी किती लावायची यावरही थोडी खटपट झाली. मला क्युपोलाभोवतीचं अख्खं छप्पर काळं करायचं होतं. छोट्या फौंड्रीत ओतकाम रोज नसतं, साचे भरून झाले की मगच भट्टी पेटते, त्यामुळे टोपीखाली गडद आणि वारा जातो त्या अंगाला फिकट, असं मामांनी सांगितलं. आमच्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, तेव्हा काजळी पूर्वेकडच्या पत्र्यांवर.

राहिला प्रश्न पॅटर्न शॉपच्या दाराचा. ते दार मामा स्वतः करणार आहेत आणि त्यांना ते सागवानात करायचं होतं, कारण त्यांच्या पॅटर्न शॉपचं दार सागवानाचं होतं. माझं म्हणणं, सागवानाची रेषा या प्रमाणात फार जाड दिसते. बेचाळीस मिलिमीटरच्या दारावर ती रेषा तीन-चार इंच रुंद भासते आणि दार एकाच अजस्र झाडाच्या फळीचं वाटतं. पुठ्ठा घ्या, त्यावर फळ्यांचे सांधे कोरा.

“पुठ्ठ्याचं दार मी करणार नाही,” मामा म्हणाले. मग थोड्या वेळाने, “हळदू चालेल. त्याची रेषा बारीक असते, नुसत्या डोळ्याला जवळपास दिसत नाही. फण्या करायचे त्याच्या.”

हळदूचा तुकडा ते सांगलीहून आणणार आहेत. तिकाटण्याचे तीन वासेही त्यातूनच काढायचे ठरलं आहे, प्रत्येकी सत्तर मिलिमीटर, खाली जाड, वर निमुळते.